खिडकीकडची कड

रविवार, सकाळी साडेआठची वेळ. नगरच्या कॅम्पातल्या बंद पडलेल्या एका बेकरीचा हॉल. मधोमध पूलचं टेबल, खाली लाकडाचा भुसा आणि कापडाच्या चिंध्या, आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं.

“रबर उलटं बसलंय का, सर? तेवढं एक सांगा.”

विचारणारा हेरंब देवचके. पुण्याच्या कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी संपवून गावी परतलेला. नखांत चिकटवायचं सोल्यूशन अजून सुकलेलं.

ज्यांना विचारलं ते केदारी सर. एकेकाळी दिवसा शाळेत भूमिती शिकवायचे आणि संध्याकाळी क्लबात पूल. आता ऐंशीच्या पुढचे. हातविणीचा स्वेटर, हातात काठी.

सरांनी पांढरा बॉल उचलला आणि खिडकीकडच्या कडेवर हलकेच ढकलला. बॉल रबरावर आदळला आणि परत आला. सरळ, बिनबोभाट आला.

“बरोबर बसलंय,” सर म्हणाले.

“मग बॉल थांबत का नाही?”

“बरोबर बसलंय म्हणून.”

हेरंब हसला. सरांची ही जुनी खोड. वर्गातही उत्तर आज सांगायचे आणि रीत उद्यावर ठेवायचे. पण आज हेरंबला उद्यापर्यंत दम नव्हता.

हे टेबल क्लबाचं. कुणा अमेरिकन डॉक्टरने मायदेशी जाताना क्लबाला देऊन टाकलेलं. पुढच्या हॉलमध्ये बड्या लोकांचे पत्ते चालायचे, मागच्या खोलीत हे टेबल. पुढे क्लब बंद झाला. कोणी बंद केला ते विचारलं की कॅम्पातली माणसं आजही हवापाण्यावर बोलू लागतात. जागेवर गाड्यांचं शोरूम उभं राहिलं, आणि टेबल एका गोदामात मोडक्या खुर्च्यांखाली पडून राहिलं. हेरंबने ते हुडकून इथे आणलं आणि क्लबात होती तीच कड खिडकीकडे करून मांडलं. कापडाखालचा दगड शाबूत होता, पाय शाबूत होते. कडांचं रबर मात्र मेलं होतं. बॉल मारावा तर धप्प वाजून जागीच बसायचा.

कारागीर बोलवता आला असता. हेरंबने बोलावला नाही. त्या टेबलाला दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको होता.

त्याने खाली पाठीवर झोपून कडांचे बोल्ट सोडवले. कडा उलट्या करून एकेक पिन उपसली, वरचं जुनं लोकरी कापड, ती बनात, सोलली, रबर ओढून काढलं. वाळून खडे झालेला जुना डिंक पटाशीने खरवडला, लाकूड घासून स्वच्छ केलं. नवं रबर चिकटवताना ते न ताणता, दाबत दाबत पुढे नेलं, कारण ताणलेलं रबर उसळत नाही. वर नवी बनात ओढली, तिची सुरकुती काढली, खाचेत लाकडाची पट्टी ठोकून ती आवळली. शेवटच्या बोल्टला पाना लावताना त्याचे डोळे भरून आले होते. सोल्यूशनच्या वासाने, असं त्याने स्वतःला सांगितलं.

मग त्याने बॉल मारून पाहिला. सगळीकडून बॉल कसा जिवंत परत येत होता.

खिडकीकडूनसुद्धा.

तिथेच घोडं अडलं. खिडकीकडची कड त्याने पुन्हा उतरवली, पुन्हा चिकटवली. पुन्हा तेच. बॉल थांबेना.

“सर, माझा शॉट आठवतो तुम्हाला?”

“कसा विसरेन.”

अख्ख्या कॅम्पाला तो आठवत होता. पांढरा बॉल समोरच्या कडेवर आपटायचा, आपल्या बॉलला नुसता शिवायचा, आणि परत येऊन खिडकीकडच्या कडेला असा टेकायचा की प्रतिस्पर्ध्याला स्टिक टेकवायला जागा उरू नये. बॉल यायचा, कडेला लागायचा, आणि मांजर अंगणात बसावं तसा बसायचा. ‘देवचके थांबा’ असं नावच पडलं होतं. पोरं टाळ्या पिटायची. सर तेवढे टाळी वाजवायचे नाहीत. ते हेरंबला तेव्हाही लागलं होतं.

पुण्याच्या स्पर्धेत हाच शॉट हातभर मागे उसळला. सोलापुरात पण तेच. हेरंब दोन्हीकडे पहिल्याच फेरीत घरी आला. तिथलं कापड नवं होतं, असं कॅम्पाने ठरवलं. गावच्या वर्तमानपत्रानेही तेच छापलं. आपल्या टेबलाला हात लावून बघायला ना कॅम्पातलं कोणी गेलं, ना वर्तमानपत्रातलं.

“मला तो शॉट परत पाहिजे, सर.”

“कशाला?”

हेरंबने बनातीवरचा भुसा फुंकला.

“नाताळात एस्तेर येणार आहे ना?”

“येते म्हणालीये.”

“मग… तिला दाखवायचा होता.”

…

एस्तेर सरांची मुलगी. आता तिकडे आसामात एका दवाखान्यात मेट्रन. सुट्टीला येते, आठवडाभर बापाजवळ बसते, कॅम्पाच्या बाजूला फिरकत नाही आणि परत जाते. एवढ्या वर्षांत हेरंबला ती एकदाच दिसली होती, ती स्टँडवर, पाठमोरी, बसमध्ये चढताना.

त्याला आठवत होती ती वेगळी. अंधार पडला की सरांना रस्ता दिसायचा नाही, म्हणून त्यांना घरी न्यायला ती टॉर्च घेऊन क्लबात यायची. सरांचं शिकवणं संपेपर्यंत मागच्या खोलीत थांबायची. बसायला बाकडं होतं, पण ती बसायची नाही. खिडकीकडच्या कडेवर दोन्ही कोपरं टेकून, हनुवटी तळव्यांत धरून खेळ बघायची. वर्षानुवर्षं. आधी दोन वेण्यांत, मग एका, मग साडीत.

आणि हेरंब बॉल नेऊन तिच्या कोपरांपाशी थांबवायचा.

बोलणं असं फार झालंच नाही. एकदोनदा शॉटच्या आधी ती पुटपुटली होती, “जरा हळू.” तो हळू खेळला होता, आणि बॉल पॉकेटमध्ये गेला होता. त्या दोन शब्दांवर त्याने पुण्यातली कितीतरी वर्षं काढली होती. बायको होती, ती वारली. मुलगी परदेशात. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहाचा ग्लास टेबलाच्या कडेला ठेवताना सुद्धा त्याला ती खिडकी आठवायची.

“जुनं रबर कुठे आहे?” सरांनी विचारलं.

“टाकायला काढलंय. पोत्यात.”

“खिडकीकडचं आण.”

हेरंबने पोतं उपसलं. कडेची लांबच लांब पट्टी काढून सरांसमोर धरली. बाकी ठिकाणी ती काळी, लवचिक तरी होती. एका जागी मात्र दगडासारखी झालेली, आणि तिच्या वरच्या अंगाला दोन खळगे.

“उंदरांनी कुरतडलं असणार,” हेरंब म्हणाला. “किंवा मुळातच माल खराब.”

“इंजिनिअर ना तू?”

“सर, चेष्टा नका करू.”

सरांनी ती पट्टी नव्या कडेवर, जिथे होती तिथेच, आडवी ठेवली. काठी भिंतीला लावली. वाकले, आणि आपली दोन्ही कोपरं त्या खळग्यांवर टेकवली.

बसली नाहीत. एक बसलं की दुसरं बाहेर जायचं.

“माझी नाही बसत,” सर म्हणाले. “तू बघ.”

हेरंबने शर्टाच्या बाह्या सारल्या आणि कोपरं टेकवली. त्याचीही बसली नाहीत. खळगे जवळ जवळ होते. कुणातरी अरुंद खांद्यांच्या माणसाचे.

तो तसाच वाकून राहिला.

…

बाहेर रस्त्यावरून पाववाला सायकलची घंटी वाजवत गेला. हॉलच्या भिंतींना अजून खारीचा वास होता.

“म्हणजे माझा शॉट…” हेरंब म्हणाला.

त्याने त्या दोन खळग्यांवरून अंगठा फिरवला.

“म्हणून पुण्यात बॉल मागे आला.”

“पुण्यात तिथे कोणी उभं नव्हतं.”

हेरंब ताठ झाला. मग घाईने, मूल हट्ट करतं तसा तो म्हणाला,

“सर, तेवढा तुकडा परत लावतो. जुनाच. नव्या रबरात हातभर कापून तेवढा बसवता येईल. वर बनात असते, कुणाला दिसणार नाही. नाताळापर्यंत होईल.”

“लाव.”

“लावू?”

“लाव की. मग बॉल थांबेल. आणि ती येऊन परत तिथेच उभी राहील. कोपरं टेकून.”

हेरंबने रबराची पट्टी कडेवरून उचलली आणि हातात धरून ठेवली. कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

क्लबात बायकांनी खेळायचं नाही असा लेखी नियम कुठेही नव्हता. नियम नव्हता म्हणून तो मोडण्याचीही सोय नव्हती. बायका मागच्या खोलीत चहा घेऊन येत, डबा घेऊन येत, टॉर्च घेऊन येत. कुणी अडवत नसे. आपण किती सुधारलेले, असं कमिटीतले लोक पुढच्या हॉलमध्ये पत्ते पिसताना एकमेकांना सांगत. आता ती कमिटी नाही, तो हॉल नाही. कमिटीतले जे उरलेत ते म्हणतात, असं काही नव्हतंच हो, कुणी मागितलं असतं तर दिलंच असतं.

“सर.”

“हं.”

“ती ‘जरा हळू’ म्हणायची, ते… तिला खेळ कळायचा?”

“तुला कळायचा?”

हेरंबला हसू आलं नाही.

“घरी काही बोलायची?”

“वाटेने बोलायची. टॉर्च माझ्या पायांपुढे धरायची आणि बोलत राहायची. हा बॉल असा का मारला, तो तसा मारायला हवा होता. घर येईपर्यंत सगळा खेळ पुन्हा खेळायची.” सर थांबले. “तोंडाने.”

…

“मग तिला खेळायचं होतं.”

सरांनी स्वेटरच्या बाहीने चष्मा पुसला.

“तुम्ही बाप तिचे,” हेरंब म्हणाला. आवाज चढला होता आणि तो खाली आणावा असं त्याला वाटत नव्हतं. “आमच्यासारख्या टोणग्यांना हाताला धरून शिकवलंत. तिला का नाही?”

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

त्यांनी भिंतीला लावलेली काठी घेतली, आणि टेबलाला वळसा घालून, कडेवर बोटं फिरवत, हळूहळू खिडकीकडच्या बाजूला गेले. तिथे पोचल्यावर बोटं थांबली. नव्या बनातीवर खळगा नव्हता, काही नव्हतं. सरांनी ती जागा तळव्याने झाकली, ऊन लागू नये म्हणून झाकावी तशी.

“बोला की, सर.”

सर भिंतीवरच्या स्टिकच्या स्टँडकडे बघत होते. क्लबातलंच ते स्टँड, टेबलाबरोबर आलेलं.

“एक स्टिक रोज शिल्लक राहायची, हेरंबा. तिच्या हातात ना मी दिली, ना तू.”