मान वर करू नका

माणसं माळावरचा गोल्फचा डाव अर्धवट टाकून कुठेशी निघून गेली, त्या काळची ही गोष्ट. मागे राहिलेल्या काठ्या आणि चेंडू घेऊन प्राण्यांनी आपला क्लब काढला आणि चिटणीस केलं रंगोपंत कावळ्याला.

रोज सकाळी रंगोपंत झेंड्याच्या दांड्यावर बसून क्लबच्या बातम्या सांगत. काल कोण जिंकलं, कोणाचा चेंडू हरवला. शेवटी खेळाचा सल्ला, तो मात्र कायम एकच. "टोला हाणला की मान वर करू नका. खेळ बिघडतो तो तिथेच."

सभासद बिचारे मान खाली घालून टोले हाणत. चेंडू उडाला की रंगोपंत तो वरच्या वर झेलून घरट्यात नेऊन ठेवत. दरवर्षी कोकिळेची पोरं वाढवून ते विटले होते. या खेपेला अशी पांढरीशुभ्र, टणक, खानदानी अंडी त्यांनी स्वतः पारखून आणली होती.

शेवटचा चेंडूही गेला तेव्हा ससा म्हणाला, "चिटणीससाहेब, आता खेळायचं कशानं?"

"चेंडूच नसला की मान वर करायचा मोह होत नाही," रंगोपंत म्हणाले. "सरावाला याहून चांगली वेळ नाही."

सशाला ते पटलं. साळिंदराला तर फारच पटलं. दोघं मन लावून नुसत्याच काठ्या फिरवू लागले.

रंगोपंत ऐटीत घरी परतले. बायको अंड्यांवर बसून बसून अर्धी झाली होती.

"अहो," ती मान वर न करताच म्हणाली, "कोकिळेची निदान फुटत तरी होती."