शेगडीची ओटी

"पण मग ती फुटली कशी, तेवढं मला सांगा."

सहजनाथबाबांनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात दगडी उखळ होते आणि हातात मुसळ. उखळात लाल चुरा होता.

दिगंबर सावरगावकरांनी खांद्यावरचे पोते खाली आपटले. आत खापरे खणखणली.

"तीनशे पायऱ्या चढून आलोय, महाराज. उत्तर घेतल्याशिवाय उतरणार नाही."

"बैस," बाबा म्हणाले.

बाबा लहानथोर सगळ्यांनाच अरेतुरे करीत. ज्याने तीस वर्षे धरणांच्या भिंती उभ्या केल्या, ज्याच्यासमोर कंत्राटदार खुर्चीच्या काठावर बसत, त्या निवृत्त अभियंत्याला हा एकेरी 'बैस' खड्यासारखा लागला. ते उभेच राहिले.

बाबा दीक्षेपूर्वी कुंभाराच्या घरचे. भगवे अंगावर आले, तरी हातांची माती सुटली नव्हती. मठाच्या ओसरीवर ते धुराड्याच्या शेगड्या घडवीत. गुडघ्याच्या वर येईल एवढी उंची, घागरीसारखे पोट, पोटाला समोरून तोंड आणि माथ्यावर धूर वाहून नेणारा लांब गळा. मागेल त्याला त्या मिळत. थंडीत पायथ्याच्या वस्तीवर चार अंगणांत तरी अशी शेगडी धगधगलेली दिसे.

सावरगावकरांनी ती नेली होती पत्नीसाठी. कुमुदताईंचे सांधे मार्गशीर्ष लागला की आखडत. संध्याकाळी गच्चीवर शेगडीपाशी बसावे, एवढीच त्या बाईची हौस. शेगडी नेली त्याच दिवशी ती फुटली आणि कुमुदताईंचा उजवा पाय घोट्यापर्यंत भाजला. या गोष्टीला आज सहा दिवस झाले होते.

"तहसीलदाराकडं अर्ज देणार आहे मी," सावरगावकर म्हणाले. "ही असली भांडी लोकांना वाटणं बंद झालं पाहिजे. आज माझी बायको भाजली. उद्या कुणाचं लेकरू भाजेल."

"दे."

"काय दे?"

"अर्ज दे." बाबांनी हात पुढे केला. "आणि ते पोतंही इकडं दे."

सावरगावकरांनी पोते पायाने पुढे सरकवले. बाबांनी त्यातून एक खापर काढले, उजेडात धरले, अंगठा फिरवला… आणि उखळात टाकून त्यावर मुसळ घातले.

"अहो! पुरावा आहे तो!"

"हो ना." बाबांनी दुसरा घाव घातला. "चांगला भाजलेला पुरावा आहे. लवकर कुटला जात नाही."

सावरगावकरांच्या कानशिलांवरच्या शिरा तटतटल्या. त्यांनी पोते स्वतःकडे ओढून घेतले.

"ऐका. मी अडाणी गिऱ्हाईक नाही. तुमच्या ओसरीवर पाच शेगड्या होत्या. पाचही मी बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्या. दोन बद्द वाजल्या, त्या बाजूला केल्या. उरलेल्यांची जाडी कॅलिपरने मोजली. जी सगळीकडे सारखी भरली, तीच उचलली. आठवतंय?"

"आठवतंय. निवड चांगली होती."

"गच्चीवर उघड्यावर मांडली. डोक्यावर छप्पर नाही, मांडव नाही. भिंतीपासून चार हात दूर. खाली विटांचा थर, पाणसळ लावून सपाट केलेला. तोंड वाऱ्याकडे नाही, आडोशाला. काय चुकलं त्यात?"

"काही नाही."

"मग माती चुकली."

ओसरीच्या टोकाला धुनी होती. तिच्यातला एक ओंडका आपोआप खचला आणि राख भुरभुरली.

"ओटीचं काय केलंस?" बाबांनी विचारले.

सावरगावकरांना हाच प्रश्न नको होता.

शेगडी मठातून निघताना तिची ओटी भरण्याची रीत होती. बाबांची आई भरत असे, तिच्यामागे बाबा भरत. शेगडीच्या पोटात ओंजळ ओंजळ करून नदीची वाळू घालायची, वर धुनीतली राख पसरायची, तोंडाला कोरे फडके बांधायचे. सासरी जाणारी लेक रित्या ओटीने उंबरा ओलांडत नाही, तसेच हे. मग नेणाऱ्या घरच्या बाईला सांगायचे : ही माहेरची ओटी आहे, रिती करू नये. नवी सून आहे, पाच दिवस जड काम सांगू नये. त्या दिवशीही बाबांनी हे सारे कुमुदताईंना सांगितले होते. सावरगावकर शेजारीच उभे राहून हसले होते.

"ती घाण होती," ते म्हणाले. "राख आणि रेती. नवं भांडं घरात आणलं, ते धुऊन घेतलं. नळी लावून, आतून-बाहेरून."

"आणि?"

"आणि काय? संध्याकाळी जुने सहकारी यायचे होते. पेटवली."

"किती?"

"शेगडी जेवढी घेते तेवढी! गळ्यापर्यंत बाभूळ भरली. शेगडी जाळण्यासाठीच असते ना? का तिची पूजा करायची?"

मुसळ थांबले होते.

सावरगावकरांना ते जाणवले आणि त्यांचा आवाज चढला. "म्हणजे तुम्हाला म्हणायचंय वाळूमुळे वाचली असती. धग सरळ बुडाला लागली नसती. आणि ओली माती एकदम तापवली म्हणून तडकली. कळतं मला. काँक्रीटसुद्धा असंच तडकतं. पण मग तसं सांगायचं! बुडाला वाळू हवी, धुऊ नका, पहिले पाच दिवस मूठभर काटक्यांच्या वर विस्तव नको. तीन वाक्यं. त्यात काय अवघड आहे? ते सोडून तुम्ही ओटी, माहेर, नवी सून… शास्त्राची गोष्ट, तिला लुगडं नेसवून पाठवता, आणि मग ज्यानं ओळखली नाही त्याला दोष देता. हा लबाडपणा आहे, महाराज. माझी बायको भाजली यात!"

बोलता बोलता त्यांना दम लागला. आपण बिनतोड बोललो, हे त्यांना स्वतःलाच पटले होते.

"बरोबर," बाबा म्हणाले.

"काय बरोबर?"

"तुला तसं सांगायला हवं होतं. पण मी तुला सांगतच नव्हतो." बाबांनी पोत्यात हात घातला. "जिला सांगितलं, तिला कळलं होतं का?"

सावरगावकरांना सांगावेच लागले.

नळी हातात घेतली तेव्हा कुमुदताई दारात आल्या होत्या. 'अहो, ते काढू नका. त्यांनी काहीतरी मनात धरूनच घातलं असेल.' एवढेच म्हणाल्या होत्या. नळीचे पाणी सुरूच राहिले.

बाबांनी दोन खापरे काढून समोर मांडली.

"तू भिंती तपासायचास ना, तडा गेला की?"

"आयुष्य गेलं त्यात."

"मग या बघ."

सावरगावकर नाइलाजाने उकिडवे बसले. सवयीने त्यांनी खिशातला चष्मा काढून लावला. एका खापराची कड काळी होती. चिरेच्या आत, पार तळापर्यंत, काजळी बसली होती. दुसऱ्याची कड कोरी, लालबुंद. त्यांनी पोत्यातले तिसरे काढले. कोरी कड. चौथे. कोरी…

त्यांनी पोते पालथे केले. पंधरा-वीस खापरे भराभर उलटून पाहिली. काळी कड एकाच रेषेची होती. बुडापासून तोंडापर्यंत गेलेली एकच चीर.

धरणाची भिंत अशी बोलली असती, तर अहवाल लिहायला त्यांना दहा मिनिटे लागली नसती. चीर आधी गेली. ती गेल्यावरही शेगडी उभी होती, आत विस्तव होता आणि चिरेतून धूर वाहत होता. बाकीचे तुकडे नंतर झाले. एकाच दमात, आग विझत असताना.

"तडकली होती," बाबा म्हणाले. "फोडली कुणी?"

मठाच्या मागे कुठे तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. थांबली.

"चीर बघितली," सावरगावकर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखीचा वाटला नाही. "सगळे मागे सरकले. मी… बादली होती तिथे."

"हं."

"बादली ओतली."

"आणि ती?"

"ती जवळ होती. ती म्हणत होती…" त्यांनी चष्मा उतरवला. "ती म्हणत होती, पाणी नको, पाणी नको. राख टाका. आणि राख तर मी सकाळीच धुऊन टाकली होती."

तापलेली माती पाण्याने फुटली आणि निखारे उडाले. इतका भाग त्यांनी सहा दिवसांत कुणालाच सांगितला नव्हता. डॉक्टरांना नाही, मुलीला नाही. सांगावा लागला नव्हता, हेही त्यांनी आता बाबांना सांगून टाकले. ज्याने त्याने विचारले, तेव्हा कुमुदताईच आधी बोलल्या होत्या : 'शेगडी फुटली हो.' इतक्या वेळा बोलल्या, की सावरगावकरांनाही ते खरे वाटू लागले आणि मग त्या खरेपणाचा संताप येऊ लागला. तोच संताप पोत्यात भरून ते इथवर चढले होते.

बाबांनी मुसळ उचलले. काळ्या कडेचे खापर उखळात टाकले. या वेळी घाव असा पडला की उखळ जागचे हलले.

"राग तुलाच येतो असं नाही, साहेब."

मठात त्यांना पहिल्यांदाच कुणी साहेब म्हटले होते. ते ऐकून त्यांची मान खाली गेली.

"शेगड्या फुटतात," बाबा म्हणाले. "माझ्या हातूनही फुटल्यात. त्याचा राग नाही. घरातली बाई सकाळी एकदा म्हणाली, संध्याकाळी एकदा म्हणाली. तिचं ऐकायला दोन पावलंही चालावं लागत नव्हतं. आणि भाजलेल्या पायानं ती तुझी बाजू सावरत बसली, तर तू तिचीच साक्ष काढून मातीवर फिर्याद करतोस. वर तहसीलदार."

सावरगावकरांनी उरलेली खापरे एकेक करून उखळाकडे सरकवली.

बाबा कुटत राहिले. खापराचा चुरा झाला, चुऱ्याची भुकटी झाली. ती त्यांनी ओल्या चिखलाच्या गोळ्यात मिसळली आणि टाचेने तुडवू लागले.

"हे कशाला?" सावरगावकरांनी विचारले.

"नुसती कोरी माती विस्तव सोसत नाही. एकदा भाजून फुटलेली तिच्यात घातली, की सोसते."

…

"तिनं काय सांगून पाठवलंय?" बाबांनी विचारले.

"कुणी?"

"तुझ्या घरातून तू एकटाच निघालास होय?"

सावरगावकर उखळाकडे पाहत राहिले. सकाळी निघताना कुमुदताई खाटेवर, पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. पोते पाहून त्या काही बोलल्या नाहीत. फाटकापाशी गेल्यावर आतून हाक आली होती. तिचा त्यांना त्या वेळी केवढा संताप आला होता.

"म्हणाली, येताना दुसरी घेऊन या."

बाबा पहिल्यांदा हसले.

ओसरीवर तीन शेगड्या होत्या. सावरगावकर उठले. त्यांनी पेराने एकेक वाजवली. तिन्ही खणखणीत वाजल्या. कॅलिपर खिशातच राहिला. त्यांनी मधली उचलली… गळ्याला धरून.

"मान धरून कुणाला नेतात का रे?"

त्यांनी ती खाली ठेवली आणि पोटाखाली हात घालून पुन्हा उचलली, कडेवर घेतल्यासारखी.

"हिच्यात कुणाचा चुरा आहे?" त्यांनी विचारले.

"होता एक. तुझ्यासारखाच शहाणा."

वाळूची पाटी भिंतीशी होती. बाबा जागचे हलले नाहीत. सावरगावकरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वतःच ओंजळ भरली. एक, दोन, तीन… वाळू हाताने सारखी केली. धुनीच्या कडेची निवलेली राख आणून वर पसरली. कोऱ्या फडक्याची गाठ त्यांना दोनदा मारावी लागली.

खिशातून त्यांनी लहानशी वही काढली.

"राख किती दिवसांनी काढायची?"

"साठली की. पण ओटीपर्यंतच. खालची तशीच राहू दे."

"विझवायची कशी?"

"विझवायची नाही. घास द्यायचा थांबलास की तीच निजते. घाई असली तर वाळू."

"पावसाळ्यात?"

"तू झोपतोस का पावसात?"

त्यांनी लिहिले : पावसाळ्यात घरात. पेन्सिल थोडी घुटमळली.

"आणि पहिल्या दिवशी विस्तव केवढा करायचा, बाबा? नेमका सांगा. किती काटक्या?"

बाबांनी चिखल तुडवायचे थांबवले नाही.

"ते मी कुमुदला सांगून ठेवलंय."