शिंजीचं पिलू आणि मेणाचा दोरा

एक होती शिंजी. मुठीत मावेल एवढी. चोच बारीक, चोच वाकडी. फुलात घालायची, मध प्यायची.

हौसाअक्काच्या दुकानापुढे होती एक तार. तारेला शिंजीचं घरटं. वारा आला की घरटं हले. हिंदळ हिंदळ.

हौसाअक्का चपला शिवायची. ठक ठक. ठक ठक. दोऱ्याचे तुकडे खाली पडायचे. शिंजीनं एक तुकडा उचलला आणि घरट्याला लावला. दोरा होता मेणाचा. फार चिवट.

घरट्यात होतं एक पिलू. आज ते पहिल्यांदा उडणार होतं. त्यानं पंख झटकले. फडफड, फडफड. आणि पाय अडकला दोऱ्यात.

पिलानं पाय ओढला. गाठ घट्ट झाली. अजून ओढला. अजून घट्ट झाली. तुमच्या बुटाच्या नाडीचं होतं ना, अगदी तसंच.

"ओढू नको बाळा," शिंजी म्हणाली. "गप बस. मी आलेच."

शिंजीनं दोरा चोचीत धरला. पण ती चोच मधाची. दोरा कुठला तुटायला? शिंजीला रडू आलं. पिलासमोर कशी रडणार? ती उडाली. भुर्र भुर्र भुर्र.

दुकानात होती रापी. अक्काची कातडं कापायची सुरी.

"रापीताई, रापीताई, पिलू काही उडेना. एवढा दोरा काप ना."

रापी म्हणाली, "आत्ताच मला दगडावर घासलंय गं. धार आहे, पण धारेवर बारीक कुसळं आहेत. कुसळं दोऱ्यात अडकतील. पिलाचा पाय ओढला जाईल. पट्टा मला पुसेल, तर मी कापेन."

भुर्र भुर्र भुर्र. शिंजी गेली पट्ट्याकडे. चामड्याचा पट्टा खिळ्याला लटकला होता.

"पट्टेदादा, पट्टेदादा,
रापी काही कापेना,
पिलू काही उडेना.
रापीला पूस ना."

पट्टा म्हणाला, "मी आहे कोरडा. माझ्यावरून रापी नुसती घसरेल. लाल वडी मला लागेल, तर मी पुसेन."

भुर्र भुर्र भुर्र. शिंजी गेली लाल वडीकडे. वडी बसली होती डबीत. साबणासारखी दिसते, पण फेस नाही. तिच्यात असते बारीक बारीक भुकटी. धार गुळगुळीत करायची भुकटी.

"वडीताई, वडीताई,
पट्टा काही पुसेना,
रापी काही कापेना,
पिलू काही उडेना.
पट्ट्याला लाग ना."

वडी म्हणाली, "थंडीनं मी झाले कडक. पट्ट्यावर नुसती खुर्र खुर्र करीन. ऊन मला मऊ करेल, तर मी लागेन."

भुर्र भुर्र भुर्र. शिंजी गेली उन्हाकडे. दुकानामागच्या भिंतीवर ऊन पसरलं होतं.

"ऊनदादा, ऊनदादा,
वडी काही लागेना,
पट्टा काही पुसेना,
रापी काही कापेना,
पिलू काही उडेना.
दुकानात ये ना."

ऊन म्हणालं, "दाराकडे मी संध्याकाळी जातो. सकाळची माझी वाट खिडकीतून. खिडकी उघडेल, तर मी येईन."

शिंजी आधी घरट्याकडे गेली. पिलू गप बसलं होतं. आईनं सांगितलं होतं ना, ओढू नको. त्यानं खरंच ओढलं नाही. एवढंसं पिलू, पण शहाणं.

"आई, पाय दुखतो."

"हो रे माझ्या राजा. अजून थोडं."

भुर्र भुर्र भुर्र. शिंजी गेली खिडकीकडे. चोचीनं वाजवलं, टक टक टक.

"खिडकीबाई, खिडकीबाई,
ऊन काही येईना,
वडी काही लागेना,
पट्टा काही पुसेना,
रापी काही कापेना,
पिलू काही उडेना.
उघड ना."

खिडकी म्हणाली, "मला आतून कडी आहे. अक्का कडी काढेल, तर मी उघडेन."

अक्का? अक्का केवढी मोठी. तिचा हातोडा केवढा मोठा. ठक ठक. ठक ठक. त्या आवाजाला शिंजी रोज घाबरायची.

पण पिलू वाट बघत होतं.

भुर्र. एकदाच भुर्र. शिंजी अक्कापुढच्या चपलेवर जाऊन बसली. हातोडा वर गेला. शिंजीनं डोळे मिटले. पण ती हलली नाही.

हातोडा वरच थांबला.

"काय गं बाय?" अक्का म्हणाली.

"अक्का, अक्का,
खिडकी काही उघडेना,
ऊन काही येईना,
वडी काही लागेना,
पट्टा काही पुसेना,
रापी काही कापेना,
पिलू काही उडेना.
कडी काढ ना."

अक्कानं हातोडा खाली ठेवला. तारेकडे बघितलं, पिलाच्या पायात दोरा. "दोरा माझाच न्हवं का? चल, लगेच कापते." तिनं रापी उचलली.

"थांब अक्का," रापी म्हणाली. "आधी बघ तरी."

अक्कानं तसलाच एक तुकडा घेतला. त्यावर रापी ठेवली. खर्र. दोरा ओढला गेला.

"व्हय की," अक्का म्हणाली. "घाई केली असती, तर लेकराचा पाय दुखला असता."

मग अक्कानं कडी काढली. खट्ट.

खिडकी उघडली. कर्र.

ऊन आत आलं. सरक सरक. वडीवर जाऊन बसलं. उन्हाला घाई नसते. शिंजी थांबली. अक्काही थांबली.

वडी मऊ झाली. पट्ट्याला लागली. सुर्र सुर्र. पट्टा झाला लाल लाल.

पट्ट्यानं रापी पुसली. रापीची पाठ पुढे, धार मागे. धार पुढे केली, तर पट्टाच चिरेल. सप्प. उलटी केली. सप्प. कुसळं गेली. रापी चकाकली.

अक्कानं पुन्हा दोऱ्याचा तुकडा घेतला. रापी नुसती टेकवली. आवाजच नाही. तुकड्याचे झाले दोन.

"आता चल," अक्का म्हणाली.

अक्का तारेपाशी गेली. एका हातात घरटं. एका हातात रापी. पिलू थरथरत होतं. "गप माझ्या सोन्या," अक्का म्हणाली.

रापी दोऱ्याला टेकली. दोरा सुटला. पिलाला कळलंसुद्धा नाही.

"आई, ओढू नको ना अजून?" पिलानं विचारलं.

"आता चालेल रे राजा. पाय बघ तुझा. मोकळा आहे."

पिलानं पाय बघितला. मग आभाळ बघितलं. फडफड, फडफड.

भुर्र.

थेट जास्वंदीवर. फुलात चोच घातली, मध प्यालं. शिंजीला आता रडू आलं. आता रडली तरी चालणार होतं.

अक्कानं मेणाचे तुकडे डब्यात भरले आणि झाकण लावलं. तारेखाली ठेवला थोडा कापूस. "हे ने बाय," ती म्हणाली. "ह्याची गाठ बसत न्हाई."

शिंजी आता हातोड्याला घाबरत नाही. अक्का रोज सकाळी खिडकी उघडते.

पिलू गेलं जास्वंदीत,
गोष्ट आली तुमच्या कुशीत.