ताटाच्या कडेचे दाणे

“आज काय चुकलं, बाबा?”

हिरामणबाबांनी ताट पुढे सरकवलं.

नरहरने पाहिलं. भाकरी संपली होती. दोडकाही संपला होता. मक्याचे दाणे तेवढे ताटाच्या कडेला ओळीने लावलेले.

आज नऊ होते.

तापीकाठच्या त्या मठात येऊन नरहरला बारा दिवस झाले होते. त्याला बाबांकडून मंत्र हवा होता. गडी तसा येरागबाळा नव्हता. सहा ग्रंथ तोंडपाठ, दोन गुरू करून सोडलेले. पहिल्याच दिवशी बाबा त्याला म्हणाले होते, “मळ्यात उन्हाळी मका आहे, दोडका आहे. भाजी करत जा. ज्या दिवशी ताट रिकामं होईल, त्या दिवशी उजव्या कानात सांगेन.”

नरहर मनात हसला होता. भाजी ती काय...

पहिल्या दिवशी त्याने कांद्यावर दोडका परतला, मक्याचे दाणे घातले. दाणे राहिले. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचा कूट घातला. राहिले. मग लसूण झाला, खोबरं झालं, काळा मसाला झाला. दोडका चाटूनपुसून जायचा. दाणे कडेला.

मग त्याची विद्या जागी झाली. हे दाणे नव्हेत, खुणा आहेत. पाच म्हणजे पंचमहाभूतं. सात म्हणजे सप्तलोक. एकदा तेरा निघाले, तेव्हा त्याने दुपारभर पोथ्या उलथ्यापालथ्या केल्या होत्या.

“नऊ म्हणजे नवविधा भक्ती का, बाबा?”

“नऊ म्हणजे नऊ.”

“मग खूण कसली ही?”

बाबांनी तांब्यातल्या पाण्याने हात धुतले.

नरहरचा तोल गेला. “माझी लायकी नाही, असं सरळ सांगा. उद्याच्या एसटीने जातो. दोन गुरू सोडले, तिसरा जड नाही.”

“जा,” बाबा म्हणाले. “पण उद्याची भाजी वाढून जा. आणि वाढलीस की आत पळू नकोस. समोर बस.”

बारा दिवसांत तो एकदाही समोर बसला नव्हता. वाढायचा आणि चुलीपाशी जाऊन रिकाम्या ताटाची वाट पाहायचा.

दुसऱ्या दिवशी तो पिशवी भरूनच समोर बसला.

बाबांनी भाकरी भाजीच्या रसात कुस्करली. घास घेतला. पांढऱ्या दाढीआड जबडा हलू लागला... हलतच राहिला. एक दाणा या गालातून त्या गालात गेला, परत आला. बाबांनी तो पुढच्या तीन दातांत धरून पाहिला. निसटला. मग दोन बोटांनी काढून त्यांनी तो ताटाच्या कडेला ठेवला. हलकेच, लेकराला निजवावं तसा.

पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा नरहरने आत पाहिलं.

दाढ एकही नव्हती.

तो उठला. बाबांच्या पुढचं ताट त्याने ओढून घेतलं. बाबांनी घेऊ दिलं.

भर उन्हात मळ्यात जाऊन त्याने चार कोवळी कणसं मोडली. सोलून किसणीवर किसायला घेतली. घाईत बोटही किसलं. चोखलं आणि किसत राहिला. कढईत तेल, जिरं, एक हिरवी मिरची. त्यावर दोडका चांगला मऊ केला, मग मक्याचा कीस घातला. दुधाचा हबका मारून झाकण ठेवलं. मसाल्याच्या डब्याकडे त्याचा हात गेला नाही.

“भूक लागली असेल ना, बाबा? झालंच...”

बाबा जेवले. सावकाश जेवले. शेवटी बोटाने ताट पुसून घेतलं.

“जड नाही ना गेलं?” नरहर पुढे सरकला. “उद्या लाल भोपळा घालू का यात? आणखी मऊ होईल.”

“तुझी एसटी चुकली.”

“कसली एसटी?”

बाबांनी त्याला जवळ बोलावलं. तो वाकला. कीस लागलेल्या बोटांनी त्यांनी त्याचा उजवा कान धरला, तोंड कानाशी नेलं...

“उद्या मीठ थोडं कमी टाक, बाळ.”