गेनूने सांभाळलेला पैलवान

एक गाव होतं आणि त्या गावाच्या तालमीत गेनू नावाचा एक भोळा गडी होता. एकदा सांगितलेलं तो कधीच विसरत नसे. सगळा घोटाळा तिथेच होता.

यशवंता पैलवानाला जत्रेपर्यंत धडधाकट ठेवायचं, एवढंच त्याचं काम. जत्रेतली कुस्ती जिंकणाऱ्याला चांदीचं कडं मिळे. ते कडं वर्षानुवर्षं शेजारगावचा रंगराव घालून मिरवत होता. यंदा ते आणायचंच, असं अख्ख्या गावाने मनावर घेतलं होतं.

आधी विहिरीच्या पायऱ्या उतरताना यशवंताचा घोटा मुरगळला. गेनूने तेल लावून तो असा रगडला, की घोट्याचा भोपळा झाला. हाडवैद्य कोंडीबातात्या धावत आले.

"मुरगळलेलं रगडत्यात व्हय रं? गार पाणी लावायचं आन् उंचावर ठेवायचं."

"बरं तात्या. आता चुकायचं न्हाई."

मग डोक्यावर पोती वाहून यशवंताची मान आखडली. गेनूने त्याला थेट माळ्यावर चढवून निजवलं आणि घागरीमागून घागर गार पाणी ओतलं. सकाळी मान वळेना ती वळेनाच, पाठही वळेना.

"आखडलेल्याला शेक देत्यात, येड्या," तात्या म्हणाले. "वीट तापवायची आन् ठेवायची."

"बरं तात्या. आता चुकायचं न्हाई."

मग बैठकांचा अतिरेक होऊन यशवंताचा गुडघा सुजला. हात लावला तर आधीच गरम. गेनूने त्यावर तापलेली वीट ठेवली. पैलवानाचं ओरडणं शिवारभर ऐकू गेलं. तात्यांनी कपाळाला हात लावला.

"आरं, जादा राबून दुखतोय त्यो. त्याला इसावा द्यायचा. कुणाचंबी दुखतंय दिसलं, की करत हाय ते काम सोडवायचं आन् पाठीवर निजवायचं. मधी कुणी बोललं तरी ऐकायचं न्हाई."

"तुमचंबी?"

"माझंबी."

जत्रेचा दिवस आला. इतके उपचार होऊनही यशवंता उभा राहिला, हे नवलच. पंच होते दिगूअण्णा, बक्षिसाचं कडं त्यांच्याच हातात. कुस्तीतलं त्यांना एकच कळे: ज्याची पाठ मातीला लागली, तो हरला.

यशवंताने रंगरावाला खाली घेतलं आणि त्याचा खांदा दाबला. आता नुसतं उलथवायचं बाकी होतं. गाव श्वास रोखून उभं. रंगराव कण्हला, "खांदा गेला." यशवंताही गुडघ्याची कळ सोसत दात खाऊन होता.

गेनू आखाड्यात उतरला.

"गेन्या, माघारी फीर," तात्या ओरडले.

गेनूने ऐकलं नाही. सांगितलंच होतं तसं. त्याने यशवंताला मागून ओढून काढलं आणि हळूच पाठीवर निजवलं. मग रंगरावाकडे वळला. "तुमीबी पडा, पाव्हणं." रंगरावाचा खांदा खरंच गेला होता. तो पडला.

दिगूअण्णांनी पाहिलं. दोन पाठी मातीला लागलेल्या, गेनू तेवढा उभा. नियम म्हणजे नियम. त्यांनी गेनूचा हात धरून जोरात वर केला.

"आई गं, खांदा," गेनू म्हणाला. त्याने हात सोडवून घेतला आणि दोघांच्या मधोमध पाठीवर निजला.

दिगूअण्णांनी तीन पाठींकडे पाहिलं, हातातल्या कड्याकडे पाहिलं. आखाड्यात पाठ न टेकलेला आता एकच माणूस उरला होता. त्यांनी कडं स्वतःच्या मनगटात घातलं आणि ते घरी निघाले.