हिरव्या झेंड्याचे मास्तर

थर्माकोलच्या डोंगरावर काथ्याची झाडं उगवायची, त्या काळची गोष्ट. टेबलावर मांडलेल्या एका खेळण्यातल्या गावात मातीचे स्टेशनमास्तर होते, भिकोबा. उंची बोटाएवढी, मिजास हत्तीएवढी. गाव मांडणाऱ्यानं त्यांचे पाय फलाटाला आणि हिरवा झेंडा हाताला डिंकानं पक्का चिकटवला होता. किल्लीची आगगाडी गोल गोल धावायची. मास्तरांना वाटायचं, ती आपल्याच हुकमानं धावते.

एकदा गाडी सुटली आणि बोगद्यापुढे रुळांवर एक पाल येऊन पसरली. धडक झाली असती, तर डबे थेट टेबलाखाली!

“अगं, थांब!” मास्तर ओरडले.

“झेंडा तर हिरवाच दाखवताय!” गाडी म्हणाली.

“चिकटलाय गं तो!”

“चिकटू दे. मी किल्लीवर धावते. तुमच्याकडे बघतंय कोण?”

मास्तरांचा रंगवलेला चेहरा उतरला. “पालीबाई, पाया पडतो, उठा!”

“पडा की मग. वाका!”

मास्तरांना वाकता कुठं येत होतं? तेवढ्यात गाडी जवळ आली, पाल शेपूट टाकून पळाली, आणि गाडी सुखरूप बोगद्यात शिरली.

मास्तर लगेच गरजले, “पाहिलंत? पालसुद्धा आपला झेंडा मानते!”

फलाटावरच्या उतारूंनी नकारार्थी माना हलवल्या असत्या. पण त्यांच्याही माना चिकटवलेल्या होत्या.