स्टॉडर्डसाहेबांचे बैल आणि प्रुडन्सचं घर

“जमीन माझी, घर तुझं! उचल तुझं घर आणि चालायला लाग!”

स्टॉडर्डसाहेब भर अंगणात ओरडले आणि विहिरीवरून पाणी घेऊन येणाऱ्या प्रुडन्सच्या हातातली बादली बर्फात पडली. अमेरिकेने इंग्रजांच्या राजाला घालवून चार-पाच वर्षं झाली होती, पण व्हरमाँटच्या त्या डोंगराळ गावाला त्याचं काय? तिथे स्टॉडर्डसाहेबच राजा! जंगल त्यांचं, गिरणी त्यांची आणि भांडण झालं तर निवाडा करणारेही तेच. यंदा त्यांनी जमिनीची नवी मोजणी करवली आणि हद्दीचा दगड नेमका प्रुडन्सच्या घरामागच्या टेकाडावर जाऊन बसला. बाप वारलेला, आई अंथरुणाला खिळलेली. बापाने स्वतःच्या हातांनी बांधलेलं लाकडी घर आणि टेकाडापलीकडची खडकाळ पट्टी, एवढंच काय ते दोघींचं उरलं होतं.

“मोडून नेते आणि पलीकडे बांधते,” प्रुडन्स म्हणाली.

“वा गं वा! लाकूड माझ्या जंगलातलं. एक फळी जरी सुटी केलीस तर सगळं माझं! न्यायचं तर अख्खं ने. पैसे देऊन कुणाला लावायचं नाही. आणि शनिवारी सूर्य मावळला की घराला माझं कुलूप!”

साहेब गेले. प्रुडन्स तिथेच बसून पोटभर रडली, मग एप्रनने नाक पुसून तिने समोर पाहिलं. बर्फ कसा टणक, गुळगुळीत गोठला होता! त्या भागात हिवाळ्यात मोठाले ओंडके बैलांकरवी बर्फावरून ओढून आणत. आणि बैल म्हणजे तिथल्या शेतकऱ्याचा जीव की प्राण. बायकोच्या हातच्या जेवणाला नावं ठेवा, हसून सोडून देतील. बैलांना नावं ठेवून बघा!

प्रुडन्स उठली ती थेट शेजारच्या अब्नेरकडे.

“अब्नेरकाका, गावात सगळ्यात ताकदवान बैल सायलसकाकांचेच ना हो? आमचं घर ओढायचंय.”

“कोण म्हणतं?” अब्नेरने हातातली कुऱ्हाड आपटली. “शनिवारी माझी जोडी आणतो. मग बघ!”

तिथून ती सायलसकडे गेली आणि अब्नेरकाकांच्या बैलांचं तोंडभरून कौतुक केलं. “कोण म्हणतं?” सायलस कडाडला. मग तिसरं घर, चौथं घर. जिथे जावं तिथे “कोण म्हणतं?”

शनिवारी साहेबांचे सोडले तर गावातले झाडून सगळे बैल प्रुडन्सच्या अंगणात हजर! गावकऱ्यांनी पहारी लावून घर उचललं, खाली दोन लांबलचक सोलीव ओंडके सरकवले आणि साखळ्या अडकवल्या. आई आत गोधडीत, खिडकीतून सगळ्यांना हात हलवतेय! “हो! हो! हाऽऽ!” घर करकरलं, हललं आणि चक्क चालायला लागलं.

पण टेकाडाच्या चढावर, हद्दीचा दगड हाकेवर असताना, रुतलं. बैल घसरायला लागले. सूर्य पार खाली आला.

“अडकलं! अडकलं!” केसाळ टोपी सावरत स्टॉडर्डसाहेब मजा बघायला आले. हसता हसता त्यांचं लक्ष बैलांकडे गेलं आणि ते पुटपुटले, “हं! जू कसं बांधलंय बघा. यांना म्हणे बैल हाकता येतात!”

प्रुडन्सने ते ऐकलं. तिने मोठ्ठा उसासा टाकला.

“जाऊ द्या, साहेब. गावातले सगळ्यात ताकदवान बैलच हरले, तिथे बाकीच्यांची काय कथा!”

“कोण म्हणतं सगळ्यात ताकदवान?” साहेब लालबुंद झाले. “अरे, माझे लॉर्ड आणि बिशप आणा रे! ही काय शेळ्या-मेंढ्यांची कामं आहेत?”

ते धिप्पाड बैल आले. साहेबांनी कोट फेकला, स्वतः जू बांधलं, घसा फुटेस्तोवर ओरडले, शेवटी मागून खांदासुद्धा लावला. घर उसळलं, टेकाड चढलं आणि दगड ओलांडून पलीकडे जाऊन थांबलं. सूर्य अजून झाडांच्या शेंड्यांवर होता.

“बघितलंत?” साहेब धापा टाकत म्हणाले. “याला म्हणतात बैल!”

“बघितलं, साहेब!” प्रुडन्स वाकून म्हणाली. “आणि बैल तुमच्या हद्दीत नाहीत, माझ्या हद्दीत उभे आहेत. घरासकट!”

गाव खदाखदा हसलं. साहेबांनी दगडाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. “लबाड पोरी! मजूर लावायचा नाही असं ठरलं होतं!”

“पैसे देऊन नाही लावायचा. तुम्ही तर फुकट राबलात!”

साहेबांनी कोट उचलून झटकला. इतक्यात त्यांचे डोळे चमकले. “घर नेलंस, पण विहीर? विहीर राहिली माझ्याकडे! ती कशी नेशील?”

प्रुडन्सने लॉर्डच्या पाठीवरून हात फिरवला. “खरंय, साहेब. विहीर ओढणं काही तुमच्या बैलांना जमायचं नाही.”

“कोण म्हणतं?” साहेब गरजले, आणि तोंड तसंच उघडं ठेवून थांबले. मग त्या उघड्या तोंडातून असं हसू फुटलं की बिशप बिचकून दोन पावलं मागे सरला.

“घे बाई, घे! विहीर तुझी, तिच्याभोवतीची जमीनही तुझी!” डोळे पुसत ते म्हणाले. “फक्त माझ्या बैलांबद्दल पुन्हा एक अक्षर बोलू नकोस!”